टाचण्या नसलेली राख

१

सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा माझा चहासुद्धा झाला नव्हता.

"मावशी, आत्ताच्या आत्ता ये. आणि कुणाला बोलू नकोस."

"मेलं कोण?"

"कुणी नाही. पण मेल्यासारखंच आहे."

माझी भाची शहराच्या जुन्या कागदांचं दप्तर सांभाळते. घरोघरची पत्रं, बंद पडलेल्या मंडळांची इतिवृत्तं, वाड्यावस्त्यांचे नकाशे, असं जे जे लोकांना टाकवत नाही आणि ठेवायला घरात जागा नाही, ते सगळं तिच्याकडे येतं. मी तीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासली. तिचा जीव कागदात आणि माझा राखेत, त्यामुळे आमचं आजवर कामापुरतं कधी जमलंच नव्हतं.

ती मला थेट मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे पालापाचोळा जाळायचं एक लोखंडी घमेलं आहे. त्यात बोटभर उंच, करडी, थंडगार राख होती. वर एका कागदाचा नखाएवढा कोपरा तेवढा उरला होता आणि त्यावर जुन्या सूतगिरणीचा छापील शिक्का अर्धा दिसत होता.

"सात नंबरचं खोकं," भाची म्हणाली. "त्यातलं 'मागचं फाटक' लिहिलेलं पुडकं नाहीये. आज तीन वाजता आजी येणार आहेत ते बघायला."

त्या फाटकाची गोष्ट शहरात कुणाला माहीत नाही? एकोणसत्तर वर्षांपूर्वी गिरणीला भर दुपारी आग लागली. मागच्या फाटकाला कुलूप होतं. फाटकाच्या आतल्या बाजूला एकतीस माणसं सापडली, एकमेकांवर. खापर फुटलं ते पहारेकऱ्यावर. पिऊन तर्र होता, किल्ली घेऊन पळाला, असं लोक म्हणत आणि पुढे तसं पुस्तकातही छापून आलं. त्या पहारेकऱ्याची मुलगी म्हणजे या आजी. आगीच्या वेळी बारा वर्षांच्या, आज एक्याऐंशीच्या. जन्मभर त्यांनी त्या एका वाक्याखाली मान घालून दिवस काढले. गेली दोन वर्षं त्या दर गुरुवारी दप्तरात येऊन विचारत, गिरणीचे कागद आले का? चार महिन्यांपूर्वी मालकांच्या घरून अकरा खोकी आली आणि सातव्यात हे पुडकं निघालं.

"त्यात काय लिहिलं होतं?"

"कुणालाच माहीत नाही," भाची रडवेली होऊन म्हणाली. "अजून आम्ही वाचलंच नव्हतं, मावशी!"

मी तिच्याकडून चहाची जुनी गाळणी मागून घेतली आणि खाली बसून सगळी राख गाळली. चमचा चमचा करत अर्धा तास लागला. राख उत्तम गाळली गेली. गाळणीत मात्र काहीच उरलं नाही, आणि ते पाहून मी भाचीला आलेल्या कागदांची यादी आणायला सांगितलं.

२

दप्तराची एक रीत आहे. नवीन कागद आले की ते आधी वाचायचे नाहीत. किती पानं, कुठे डाग, कुठे कीड, किती टाचण्या, एवढंच मोजून यादी करायची. मग खोकी नंबराने दुरुस्तीला जातात आणि दुरुस्ती झाल्यावरच कागद वाचकाच्या हाती पडतो. फक्त आजींच्या वयाकडे बघून भाचीने त्यांना ते पुडकं आधीच दाखवायचं कबूल केलं होतं. मला हे खूळ वाटायचं. पण त्या दिवशी त्या खुळानेच मला वाट दाखवली.

यादीत लिहिलं होतं: सात नंबर, पुडकं चार, पानं तेवीस, गंजलेल्या टाचण्या एकोणीस.

"कागद जळतो. टाचणी जळत नाही," मी म्हणाले. "गोदामं जळून खाक झाली तरी खिळ्यांचा ढीग उरतो. या राखेत एकसुद्धा नाही."

भाचीच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. "म्हणजे आपलं पुडकं जळलंच नाही! दुसरेच कागद जाळून कुणीतरी बनाव केलाय. कागद आहेत, मावशी!"

"सुतावरून स्वर्गाला जाऊ नकोस. शनिवारी इथे कोण कोण होतं ते सांग."

शनिवारी तिघे होते. पहिले ग्रंथकार, म्हणजे शहराचा इतिहास लिहिलेले गृहस्थ. पहारेकरी पिऊन पळाला हे वाक्य त्यांच्याच पुस्तकातलं. दुसरा गिरणीमालकांचा नातू, ज्याने खोकी दिली. आणि तिसरे मास्तर. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्तीनंतर चौदा वर्षं इथे फाटके कागद जोडतात. रविवारी दप्तर बंद. सात नंबरचं खोकं खोलीत नव्हतं, अंगणाच्या दाराशी ढकलगाडीवर होतं, कारण आजींना जिना चढवत नाही म्हणून ते आधीच खाली आणलं होतं.

"बरं, आजींना कळवलंस का येऊ नका म्हणून?"

"तेवढं तरी माझ्याने होईना."

मीच फोन लावला. नातसुनेने उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगताच ती वैतागली.

"अहो, किती वेळा सांगणार? शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडून एका गृहस्थांचा फोन आला होता की. म्हणाले, आजींना उगाच हेलपाटा नको, ते कागद आता नाहीत. पण आजी कुणाचं ऐकतायत? त्या तीनला तिथे पोचणारच आहेत."

मी फोन ठेवला. कागद गेल्याचं भाचीला कळलं आज, सोमवारी. आणि कुणीतरी ते शनिवारीच जाणून होतं. 'आता नाहीत' म्हणाला होता तो.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते.

३

ग्रंथकार बोलावल्याबरोबर आले आणि आल्याबरोबर चिडले.

"माझ्यावर संशय? मी कागदांवर जगणारा माणूस आहे, बाई!"

"तुमच्या पुस्तकात पहारेकरी दारू पिऊन होता असं छापलंय. कुठल्या कागदावरून?"

ते चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. "लोक सांगत होते. चाळीस वर्षांपूर्वी अनेकांनी सांगितलं मला."

"पाहिलेलं एकाने तरी?"

"तसं... नाही." मग आवाज खाली आला. "पुडक्यात वेगळं काही निघालं असतं तर माझी शोभा झाली असती, कबूल आहे. म्हणून काय मी जाळीन? शनिवारी मी एक वाजेपर्यंत तुमच्या भाचीच्या समोर बसलो होतो आणि तिच्याच गाडीतून घरी गेलो. विचारा तिला."

भाचीने मान डोलावली. त्यांची लबाडी चाळीस वर्षं जुनी होती, शनिवारची नव्हती.

नातू यायला दुपारचा दीड वाजला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोडून.

"हो, शनिवारी मी भांडलो. बारा वाजता वकिलाची नोटीस घेऊन आलो होतो. सात नंबर परत हवं होतं मला."

"दिलेलं दान परत?"

"देताना माहीत नव्हतं आत काय आहे. नंतर आत्याने सांगितलं. तिने लहानपणी चोरून वाचलंय ते." तो थांबला. "मला दहा मिनिटं खोक्याजवळ एकट्याला उभं राहू दिलं होतं. पुडकं उचलावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मग गेलो. कोर्टात जाऊन उजळ माथ्याने नेईन म्हटलं."

"आत्या काय म्हणाल्या होत्या?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत मास्तर कुठल्यातरी नकाशावर वाकले होते, त्यांच्या चिमट्याचा बारीक आवाज येत होता.

"आत्या म्हणाली, त्यात आजोबांचं नाव आहेच. पण ते वाचून सगळ्यात जास्त हाल आमचे व्हायचे नाहीत, त्या म्हातारीचे होतील. इतकंच म्हणाली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. देवाशपथ, मला पुढचं माहीत नाही."

बाहेरचा चिमटा थांबला होता.

४

मास्तरांना मी त्यांच्या टेबलापाशीच गाठलं. शांत माणूस. टेबलावर ब्रश, खळीची वाटी, हाडाची पातळ सुरी, सगळं जागच्या जागी. आजी दर गुरुवारी याच टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसायच्या, असं भाचीने सांगितलं होतं.

"मास्तर, फाटकाचं पुडकं तुम्ही उघडलं होतं?"

"नाही. सात नंबर पुढच्या महिन्यात होतं." त्यांनी वर पाहिलं नाही.

"शनिवारी किती वाजेपर्यंत होतात?"

"नेहमीप्रमाणे चार."

"एकटेच?"

"एकनंतर एकटाच."

"काम करताना कागद वाचता का हो तुम्ही?"

"आम्ही कागद बघतो, मजकूर नाही. डॉक्टर पेशंटचं पोट बघतो, त्याचा स्वभाव बघतो का?" ते हसले, पण त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"एक शिकवा मला. गंजलेली टाचणी कशी काढायची? उपटायची?"

"छे! कागद फाटेल!" हे मात्र ते तडक बोलले. "खाली पातळ पत्रा सरकवायचा, गंज हळू मोकळा करायचा, मग चिमट्याने. एकीला तीन-चार मिनिटं लागतात. जुनी असेल तर जास्त."

"आणि काढलेल्या टाचण्या?"

त्यांनी चिमटा परत उचलला. मग भाचीनेच मागून सांगितलं. "मोजायच्या, पाकिटात घालायच्या, वर पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि पाकीट त्याच खोक्याच्या तळाशी ठेवायचं. कुठले कागद एकत्र टाचलेले होते त्याचा तेवढाच पुरावा राहतो. मास्तरांचीच शिस्त आहे ती."

"सात नंबर खोकं आण."

ते तिने सकाळी दोनदा पालथं घातलं होतं, पण पुडकं शोधायला. तळाशी बोट घालून तिने एक लहान पाकीट काढलं आणि माझ्या तळहातावर उलटं केलं. गंजलेल्या टाचण्या होत्या. मी मोजल्या. मोजायची गरज नव्हती, पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंच होतं: पुडकं चार, एकोणीस.

भाचीने पाकीट हातात घेऊन तो आकडा पुन्हा वाचला. आशेचा शेवटचा धागा तुटला होता. टाचण्या आधीच काढलेल्या होत्या, म्हणजे पुडकं खरंच जळलं होतं.

५

मी दार लावून घेतलं.

"राख बोलते, मास्तर. गठ्ठा पेटवला तर आतली पानं काळी, अर्धवट राहतात. या राखेत तसं काही नाही. म्हणजे एकेक पान वेगळं धरून जाळलंय. त्याआधी एकोणीस टाचण्या एकही न उपटता काढल्यात. दोन्ही मिळून दीड-दोन तासांचं काम. ग्रंथकार एक वाजता गेले. नातवाला दहा मिनिटं मिळाली, आणि त्याने जाळलं असतं तर टाचण्यांसकट भडाग्नी दिला असता. या शहरात एकच माणूस असा आहे, जो जाळायच्या कागदालासुद्धा फाटू देत नाही."

मास्तरांनी हाडाची सुरी पुसून जागेवर ठेवली.

"टाचण्या काढल्या तेव्हा जाळायचं मनात नव्हतं," मास्तर म्हणाले. "नातवाचा आरडाओरडा ऐकला. वाटलं, सोमवारच्या आत हा खोकं उचलून नेईल. म्हणून नंबर मोडून आजींसाठी दुरुस्तीला घेतलं. टाचण्या काढताना नजर गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा वाचलं मी."

"मग?"

"आगीच्या चौथ्या दिवशी मालकांनी पहारेकऱ्याचा जबाब लिहून घेतला होता. खाली त्याची सही. लिहिलं होतं, दुपारपाळीत कामगार बाहेर पडू नयेत म्हणून मागचं फाटक बंद ठेवायचं आणि किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, हा मालकांचा हुकूम. तो पाळत होतो. त्या दिवशी मुलगी तापाने फणफणली होती, म्हणून पाऊण तासासाठी घरी गेलो. मुलीच्या उशाशी बसलो होतो. किल्ली माझ्या खिशात होती." मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. "ती मुलगी म्हणजे आजी. त्यांच्या तापापायी एकतीस माणसं... एक्याऐंशीव्या वर्षी हे त्यांच्या हातात द्यायचं? मी? माझ्याच्याने झालं नाही."

"लपवायचं होतं," भाची रडत म्हणाली. "मास्तर, लपवायचं तरी होतं!"

"कुणीतरी शोधलंच असतं. आपलं कामच आहे ते."

मला एक विचारल्याशिवाय राहवेना. "जाळायचं ठरवलंत, आणि मग हे पाकीट?"

"ठरवल्यावर टाचण्या मोजल्या. पाकीट लिहिलं, खोक्यात ठेवलं. मग काडी ओढली." त्यांना स्वतःलाच ते नवल वाटत असावं. "असं का केलं, कळत नाही. हातांनी केलं."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवेनाही. तीस वर्षांत मी लोभाने लावलेल्या आगी खूप पाहिल्या. मायेने लावलेली ही पहिली, आणि नुकसान तेवढंच.

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. तीनला वीस मिनिटं होती. आजी लवकर आल्या होत्या.

६

त्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. नातसून मागे उभी राहिली. भाचीने काहीतरी सांभाळून घ्यायला तोंड उघडलं, पण मास्तर मध्ये बोलले.

"आजी, कागद मी जाळले. शनिवारचा फोनही माझाच."

आजींना ऐकू कमी येतं. त्यांना परत सांगावं लागलं.

"का हो?" आजींनी विचारलं. रागाने नव्हे. हरवलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसं.

"तुमच्यासाठी. त्यात जे होतं ते तुम्हाला कळू नये म्हणून."

"काय? बाबा माझ्या उशाशी होते, ते?"

मास्तरांनी मान वर केली.

"मला ताप होता, मी झोपले नव्हते," आजी म्हणाल्या. "भोंगा वाजायला लागला. थांबेचना. बाबा माझ्या कपाळावरची पट्टी बदलत होते. त्यांनी खिशात हात घातला, आणि तो हात बाहेर काढेनात. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग धावत गेले. मी बारा वर्षांची होते, मास्तर. मला तेव्हाच समजलं. एकोणसत्तर वर्षं मला माहीत आहे."

"मग तुम्ही दोन वर्षं काय शोधत होता?" मी विचारलं.

"तो कागदच. मी सांगून कोण ऐकणार? चोराची पोरगी बापाला साव म्हणणारच. पण बाबा प्यायले नव्हते. पळाले नव्हते. हुकूम मालकांचा होता आणि बाबा माझ्यापाशी होते. त्यांनी स्वतः सही करून हे सांगितलंय, हे ते जायच्या आधी मला बोलले होते. तेवढं एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि लोकांनी बघायला हवं होतं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "माझ्या भल्यासाठी केलंत म्हणता. एकदा विचारायचं होतं मला."

मास्तरांच्या तोंडून हुंदका फुटला. सत्तरीचा माणूस शाळकरी पोरासारखा रडला आणि कुणी त्याला थोपटलं नाही. मीही नाही.

शेवटी आजींनीच काठी जमिनीवर आपटली. "पुरे आता. काय काय होतं ते आठवतंय ना?"

"शब्द न् शब्द."

"मग लिहा. जाळलंत तुम्ही, लिहायचंही तुम्हीच. आणि कसं वाचलं, का जाळलं, तेही त्यातच लिहा. लपवाछपवी नको."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना ठाऊक होतं, तसं लिहून सही केली की मास्तरांची इथली खुर्ची गेली, वर पोलीसही आलेच. आणि न लिहिलं तर पहारेकऱ्याचा जबाब त्या घमेल्यातच संपला. मास्तरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी खळीची वाटी बाजूला सारली, कोरा कागद ओढला आणि लिहायला बसले.

एक तास लागला. हुकूम, किल्ली, दुपारपाळी, ताप, सही कुठे होती, शाईचा रंग कोणता, सगळं उतरलं. शेवटी त्यांनी स्वतःचा गुन्हा लिहिला आणि सही केली. साक्षीदार म्हणून मी खाली नाव घातलं. मूळ जबाबाची सर याला येणार नाही. जाळणाऱ्याच्या आठवणीला कुणी किती वजन द्यावं, हे लोक ठरवतील. ग्रंथकार तर उद्याच नाक मुरडतील. नातवाकडे निरोप धाडला, आत्यांनी वाचलेलं त्यांनीही लिहून द्यावं म्हणून, पण मला फारशी आशा नाही. भाचीने नोंदवहीत नवी ओळ घातली, कागद आल्याची तारीख घातली आणि देणाऱ्याच्या रकान्यात मास्तरांचं नाव लिहिलं. लिहिताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वाचा," आजी म्हणाल्या. "मोठ्याने."

मास्तर वाचायला लागले. मालकांच्या हुकमापाशी आजींनी नुसती मान हलवली. 'मुलीच्या उशाशी बसलो होतो' इथे आल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांबा. तेवढं परत वाचा."

मास्तरांनी परत वाचलं.

"अजून एकदा," आजी म्हणाल्या आणि ऐकू यावं म्हणून खुर्ची त्यांच्या आणखी जवळ ओढली.